खोलीत माणसं : दोन

१

ऑफिसात तिला सगळे कुंपणवाली म्हणत, आणि त्यात चेष्टा फारशी नव्हती. तिचं कामच ते होतं. कंपनीने एक आभासी वसाहत उभी केली होती. डोळ्यांवर जाडजूड चष्मा चढवला की माणूस तिथे जायचा, घर बांधायचा, अंगण सजवायचा, शेजाऱ्यांना हाका मारायचा. पाय मात्र स्वतःच्याच खोलीत असायचे. वसाहतीतल्या बागेत दोन पावलं पुढे टाकली आणि खरं कपाट कपाळावर आदळलं, असं होऊ नये म्हणून चष्मा आधी खरी खोली नजरेखालून घालायचा आणि भिंत जवळ आली की डोळ्यांपुढे निळी जाळी उभी करायचा. ही जाळी केव्हा उठायची, केव्हा मिटायची, तेव्हा चष्म्याने काय बोलायचं, हे सगळं तिने लिहिलेल्या प्रोग्रॅमवर चालायचं.

काम ती घरूनच करायची. दोन खोल्यांचा फ्लॅट, चौथा मजला. नवरा दोन वर्षांपूर्वी वेगळा राहायला गेला, तोही आवाज न चढवता, आतल्या खोलीतलं आपलं सामान पुसून, बांधून, फरशी झाडून. तीच रिकामी खोली तिने चाचणीसाठी घेतली. टेबल, खुर्ची, खिडकीला पडदा. कपाट उभं असायचं तिथे भिंतीचा रंग अजून उजळ राहिलेला. एवढंच.

रोज सकाळी नऊ वाजता चहाचा कप बाहेर ठेवून ती आत यायची, चष्म्याचा पट्टा डोक्यामागे आवळायची आणि जागच्या जागी सावकाश गिरकी घ्यायची. मग चष्मा यादी वाचायचा. भिंती चार. दार एक. खिडकी एक. टेबल एक. खुर्ची एक. माणसं एक.

ते एक म्हणजे ती. यादी वाचणारा आवाजही तिचाच होता. तात्पुरता म्हणून केव्हातरी भरला होता, तो राहूनच गेला.

दोन गोष्टींचा तिला अभिमान होता. पूर्वी खोलीत दुसरं कोणी आलं की चष्मा 'धोका! व्यक्ती!' असं ओरडायचा आणि म्हातारी माणसं घाबरून खुर्चीत कोसळायची. तिने ते बदलून 'जवळ कोणीतरी आहे' एवढंच ठेवलं. दुसरी गोष्ट खोळ. खोलीत माणूस दिसला की त्याचं चित्र दाखवायचं नाही, साठवायचं तर मुळीच नाही. त्याच्या आकारावर राखाडी खोळ चढवायची. यासाठी ती भर बैठकीत भांडली होती. "लोक आपल्याला घरात घेतायत," ती म्हणाली होती, "डोकवायला बोलावत नाहीयेत." त्यामुळे ऑफिसात फक्त यादी पोचायची, तीही घराच्या नंबरावर. नाव नाही, पत्ता नाही.

त्या मंगळवारी तिने गिरकी घेतली. भिंती चार, दार एक, खिडकी एक, टेबल एक, खुर्ची एक.

"माणसं दोन," तिचाच आवाज म्हणाला.

२

ती घाबरली वगैरे नाही. असल्या चुका पकडण्यासाठीच ती होती. दाराच्या खुंटीवर जॅकेट लटकत होतं, ते बाहेर नेलं. पडदा गोळा करून बांधला. गिरकी घेतली. दोन. खिडकीच्या काचेत आपलंच प्रतिबिंब पडत असेल म्हणून काचेवर वर्तमानपत्रं चिकटवली. दोन.

मग तिने वसाहत बंद करून नुसती खोली समोर आणली. कपाट होतं त्या कोपऱ्यात राखाडी खोळ उभी होती. तिच्यापेक्षा वीतभर उंच. खांदे असावेत तिथे रुंद, वर निमुळती.

तिने चष्मा कपाळावर सरकवला. उजळ रंगाचा लांबट चौकोन, खाली फरशी. चष्मा खाली घेतला. खोळ.

ती दोन पावलं पुढे गेली. जाळी उठली. "जवळ कोणीतरी आहे," चष्मा म्हणाला, आणि खोळ भिंतीला धरून एक पाऊल बाजूला झाली. अरुंद बोळात समोरून कोणी आलं की आपण वाट देतो तशी.

'आपण हललो की माप हलतं,' तिने वहीत लिहिलं, आणि ते बरोबरही होतं; मापं हलतात. मग तिने टीमच्या प्रमुखांना फोन लावला.

"रिकाम्या खोलीत दोन?" प्रमुख हसले. "अगं, तुझी खोली फारच रिकामी आहे. यंत्राला करमत नसेल."

"सर, जॅकेट काढलं, पडदा बांधला, काचा झाकल्या. तरी तेच."

"तुझ्या एकटीकडेच आहे की आणखी कुठे?"

"तेच बघते."

चाचणीला घेतलेली चाळीस घरं होती. तिने सगळ्यांच्या याद्या काढल्या. घरात किती माणसं राहतात ते लोकांनी नाव नोंदवताना लिहून दिलं होतं, तो आकडा शेजारी मांडला. नवरा-बायको, आई-मुलं, भाऊ-भाऊ अशा घरांत सगळं बरोबर होतं. चूक फक्त पाच घरांत होती. त्या पाचही घरांत एकेकटी माणसं राहत होती. पाचातलं एक घर तिचं.

३

अकरा नंबरच्या घरात मास्तर राहत. त्यांचं खरं नाव तिला माहीत नव्हतं, तशी व्यवस्था तिनेच लावली होती. ते निवृत्त भूगोल शिक्षक होते, एवढं ते स्वतःच सांगत. वसाहतीत लोक बंगले बांधत, मास्तरांनी एक वर्ग बांधला होता. बाक, फळा, भिंतभर नकाशे. दर गुरुवारी दुपारी ती तिथे जायची, पहिल्या बाकावर बसायची आणि काय जमतंय, कुठे अडतंय ते विचारून घ्यायची. मास्तरांना सगळ्यात जास्त बटणं अडायची.

"हे 'मागे जा' आणि 'बाहेर पडा' शेजारीशेजारी कशाला ठेवलंत, बाई?" ते त्या गुरुवारी म्हणाले. "मी मागे जायला बघतो आणि थेट माझ्या पलंगासमोर उभा असतो."

तिने ते टिपून घेतलं. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "मास्तर, चष्मा कधी म्हणतो का, जवळ कोणीतरी आहे म्हणून?"

मास्तरांच्या हातातली छडी नकाशावर थांबली. "म्हणतो की. आज बारा दिवस झाले."

"घरी कोणी येतं-जातं?"

"मुलगी येते, महिन्यातून एकदा. बाकी मी आणि भिंती." ते थोडे ओशाळले. "पहिल्या दिवशी दचकलो. चष्मा काढून पलंगाखाली वाकून बघितलं. या वयात पलंगाखाली वाकायचं म्हणजे काय असतं ते तुम्हाला नाही कळायचं. मग सवय झाली. आता मी नद्या शिकवायला उभा राहिलो की ते भिंतीपाशी थांबतं. हलत नाही. नकाशा गुंडाळला की जरा सरकतं."

"ते म्हणजे यंत्राची चूक आहे, मास्तर. आम्ही काढून टाकू."

मास्तरांनी छडी फळ्याला टेकवून ठेवली. वसाहतीतल्या वर्गाला खिडक्या होत्या आणि त्यातून नेहमीचं, कधीच न ढळणारं ऊन येत होतं.

"चूक असेल," ते म्हणाले. "पण बाई, काढलीच पाहिजे का? तिचा कुणाला त्रास आहे?"

४

त्रास बाकीच्या तिघांना होता. एका परिचारिकेने चष्मा परत पाठवायची भाषा केली. एकाने लिहिलं, 'तुम्ही माझ्या घरात कोणाला पाठवता?' ते पत्र पुढच्या आठवड्यात वरच्यांपर्यंत गेलं आणि प्रमुखांची चेष्टा आटली.

"शुक्रवारी नवी आवृत्ती जातेय," ते म्हणाले. "सगळ्या लोकांकडे, नुसती चाळीस घरांत नाही. त्याआधी हे बंद झालं पाहिजे."

"सर, कारण अजून सापडलेलं नाही."

"कारण मागाहून शोध. एकट्याच्या घरात दुसरं माणूस मोजायचं नाही, संपलं. दोन ओळींचं काम आहे."

खरंच दोन ओळींचं काम होतं. घरात जितकी माणसं नोंदवली असतील त्याहून जास्त मोजायची नाहीत. जास्तीच्या आकारासाठी जाळी उठवायची नाही, खोळ दाखवायची नाही, बोलायचं नाही. लिहायला तिला चार मिनिटं लागली. पाठवायचं बटण दाबायला मात्र तिने अर्धा दिवस घालवला. मध्येच उठून कपडे वाळत घातले, आधीच धुतलेला कप पुन्हा धुतला.

शुक्रवारी सकाळी गिरकी घेतली. "माणसं एक," चष्मा म्हणाला. कोपरा स्वच्छ होता.

दुपारी धाकट्या बहिणीचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर बहीण म्हणाली, "ताई, एक विचारू? रागावू नकोस. कोणी आहे का?"

"कोण असणार?"

"नाही, गेले आठ-दहा दिवस तुझा आवाज बरा वाटत होता. मी ह्यांना म्हटलंसुद्धा, ताई माणसांत आली. आज परत तसाच झालाय."

तिने हसून विषय बदलला. फोन ठेवल्यावर मात्र तिच्या लक्षात आलं की गेले काही दिवस संध्याकाळी काम आटपून खोलीतून निघताना ती दारात थांबून "चला, येते" म्हणत होती. कोणाला उद्देशून, याचा तिने विचारच केला नव्हता. तोंडातून यायचं, आणि दिवा मालवला जायचा.

त्या संध्याकाळी ती काही न बोलता बाहेर पडली. दार ओढून घेताना ते किंचित जड लागलं. हवेने असेल.

५

सोमवारी दुपारी मदतीच्या लाइनवरून फोन आला. अकरा नंबरच्या ग्राहकाला कुंपणवालीशीच बोलायचं आहे, दुसऱ्या कोणाशी बोलायला ते तयार नाहीत.

"बाई," मास्तरांचा आवाज उतरलेला होता, "ते गेलेलं नाही. नुसतं सांगायचं बंद झालंय."

"काय झालं, मास्तर?"

"मी नकाशा काढायला हात वर केला. वसाहतीतला नकाशा, खरा नव्हे. आणि हात लागला. कापड लागलं हाताला, सुती. त्याखाली खांदा. ऊब होती हो."

"खुंटीवरचा सदरा असेल."

"मीही तेच म्हणालो मनाशी. शहाण्या माणसाने तेच म्हणायचं असतं." ते धाप लागल्यासारखे थांबले. "पण मी दचकलो ते एक सोडा. तेही दचकलं, बाई. झटकन मागे झालं आणि श्वास आत घेतल्याचा आवाज आला. आपल्याला कोणी अचानक हात लावला की आपण घेतो ना, तसा."

"मास्तर, तुम्ही चष्मा काढून ठेवा. आज नका वापरू."

"चष्म्याचं काय घेऊन बसलात! इतके दिवस ते कुठे आहे हे कळत होतं, म्हणून भीती नव्हती. ते त्याच्या जागी, मी माझ्या. आता जेवताना वाटतं, समोर आहे का? पाठीशी आहे का? तुम्ही ते परत बोलायला लावा. एवढं करा."

तिने प्रमुखांना गाठलं. प्रमुख म्हणाले, आवृत्ती गेली, आता मागे घेणं म्हणजे तोंडघशी पडणं. ती म्हणाली, निदान अकरा नंबरपुरतं करते. तेवढी मुभा मिळाली. पण मंगळवारी मास्तरांचा चष्मा वसाहतीत आलाच नाही. बुधवारीही नाही. फोन करावा तर नंबर नाही, जावं तर पत्ता नाही. दोन्ही तिच्यापासून लपवून ठेवायचा नियम तिचाच. शेवटी ती प्रमुखांच्या इतकी मागे लागली की त्यांनी वैतागून वरून परवानगी काढली आणि स्वतः फोन केला.

"झालं समाधान?" ते थोड्या वेळाने म्हणाले. "म्हातारबुवा ठणठणीत आहेत. कालच मुलगी येऊन त्यांना आपल्याकडे घेऊन गेली. घराला कुलूप आहे. चष्मा तिथेच राहिलाय म्हणे, टेबलावर. नंतर पाठवतील."

तिच्या जिवात जीव आला. मुलीकडे आहेत. माणसांत आहेत. ती पाणी प्यायली, बसली, आणि तिने रोजच्या याद्या उघडल्या.

काढून ठेवलेला चष्माही चालू असला तर तासातासाला खोलीची यादी पाठवत राहतो. अकरा नंबरची यादी कालपासून येत होती, एकसारखी, चौदा वेळा.

चष्मा काढलेला. भिंती चार. दार एक. पलंग एक. टेबल एक. खुर्ची एक.

माणसं एक.

६

गुरुवारी तिने रजा घेतली आणि रजेच्या दिवशी सकाळी नऊ वाजता कामाला बसली. काचेवरची वर्तमानपत्रं काढून टाकली. खोलीत भरपूर ऊन आलं. खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी धूत होतं, बादलीच्या कडीचा आवाज वरपर्यंत येत होता. असा उजेडाचा, सामान्य दिवस होता.

आपल्या चष्म्यापुरत्या तिने त्या दोन ओळी काढून टाकल्या. मग खोळीची ओळ शोधली. तीन वर्षांपूर्वी लिहिलेली, तिच्या सगळ्या कामातली सगळ्यात जपलेली ओळ. ती पुसताना तिला चोरी केल्यासारखं वाटलं. आपलीच खोली, आपलाच चष्मा. मग आपण डोकावतोय ते कोणाच्या घरात?

तिने पट्टा आवळला. गिरकी घेतली नाही. डोळे मिटून नुसती उभी राहिली.

भिंती चार, चष्मा वाचू लागला. दार एक. खिडकी एक. टेबल एक. खुर्ची एक. माणसं दोन. आणि लगेच, ती जागची हललेली नसताना, तिचा आवाज म्हणाला, "जवळ कोणीतरी आहे."

तिने डोळे उघडले.

कोपऱ्यात कोणी नव्हतं. ते दोन हातांवर होतं, तिच्याकडे पाठ करून. घरात घालतात तसले साधे, धुऊन धुऊन विटलेले कपडे. बाई की पुरुष ते पाठीवरून कळत नव्हतं. मान थोडी खाली. मानेवर केस आखूड कापलेले, घरीच कापल्यासारखे, एका बाजूला कमीजास्त. आणि त्या केसांवरून, डोक्याच्या मागून, काळा पट्टा गेलेला होता. अगदी तिच्या पट्ट्यासारखा.

त्या माणसाने एक हात पुढे केलेला होता. बोटं पसरून ते समोरच्या हवेत चाचपडत होतं. डावीकडे, मग उजवीकडे. इथे कोणीतरी आहे असं ज्याला सांगितलेलं होतं, पण कुठे ते सांगणं आता बंद झालंय, त्याने चाचपडावं तसं. मध्येच हात थांबायचा, पुन्हा पुढे व्हायचा. आवाज नव्हता. फक्त पाय फरशीवर सरकल्याची सळसळ येत होती, आणि ती चष्म्यातून येत नव्हती.

शुक्रवारची आवृत्ती सगळ्या लोकांकडे गेली होती. प्रमुखांचे शब्द तिला आठवले. सगळ्या लोकांकडे. तिच्या दोन ओळींनी कोणाकोणाच्या खोलीत मोजणं थांबवलं असेल, कोणाला आज सकाळी फक्त एक ऐकू आलं असेल, आणि तिथे न मोजलेलं दुसरं माणूस कोण होतं, आपणच का, इथवर तिचा विचार गेला आणि तिथून पुढे जाईना.

बंद करायचं बटण तिच्या अंगठ्याखाली होतं. तिने ते दाबलं नाही. "अहो," ती म्हणाली. "अहो, मी इथे आहे. मागे."

चाचपडणारा हात हवेत थांबला.

खाली बादली उपडी झाल्याचा आवाज झाला, पाणी वाहत गेलं. त्या पाठीचे खांदे हळूहळू वर आले, जणू एक मोठा श्वास घेतला गेला. मग त्या माणसाने दोन्ही हात डोक्यामागे नेले आणि पट्ट्याची कडी चाचपून सोडवायला घेतली. बोटं घाई करत होती, कडी सुटत नव्हती.

आता पळायला हवं, हे तिला स्पष्ट कळत होतं. दार पाठीशीच होतं, तीन पावलांवर. कडी सुटली. पट्टा सैल झाला. डोकं वळायला लागलं.

आणि तिच्या लक्षात आलं की आपण पळत नाही आहोत. एका हाताने आपण आपले केस सारखे करतोय.